"गाढ झोपेचे उपाय" हा फॉरवर्ड पुढं ढकलण्याआधी जरा थांबा

कापसाची वेचणी सुरू झाली आणि तो मेसेज पुन्हा फिरायला लागला. मागच्या वर्षीही आला होता, तेव्हा मी वाचून सोडून दिला, पण यंदा आधी बचत गटाच्या ग्रुपवर आला, मग माहेरच्या ग्रुपवर, आणि काल जावेनं डायरेक्ट मलाच पाठवून खाली लिहिलं, "बाई, हे खरं हाय का? खरं असंल तर उद्यापासून असंच करतो." तिचं लेकरू चार महिन्यांचं आहे, दिवसा ते सासूबाईंकडं असतं. म्हटलं आता गप बसण्यात काही अर्थ नाही, लिहूनच टाकतो.

ज्यांच्याकडं आला नसंल त्यांच्यासाठी, मेसेजचं नाव आहे "लेकरं सांभाळणाऱ्या बायांसाठी गाढ झोपेचे उपाय". त्यात म्हटलंय की तान्ह्या लेकराले पालथं झोपवा, उताणं झोपवलं की दूध छातीत जाते, ही आपल्या आज्यांची पद्धत होती आणि उताणं झोपवणं हे विदेशी फॅड आहे. डोक्याखाली मोहरीची उशी द्या, दोन्ही बाजूनं लोड लावा. थंडीत डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळा आणि खोलीत शेगडी ठेवा. झोळी सगळ्यात सेफ, एकदा टाकलं की दोन तास बघायचं काम नाही. आणि तरी किरकिर केली तर सर्दीच्या औषधाचे दोन थेंब. शेवटी हात जोडलेले आणि "प्रत्येक आईपर्यंत पोचवा".

मी आशा सेविका आहे, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात, ११ वर्षं झाली. डॉक्टर नाही, ते आधीच सांगून ठेवतो. पण दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत आमच्या समाजमंदिरात बचत गटाच्या बाया वेचणीवाल्यांची लेकरं सांभाळतात, तिथं माझं रोजचं येणंजाणं आहे, आणि हा मेसेज बरोबर त्याच बायांना उद्देशून लिहिलेला आहे म्हणून जास्त डोक्यात गेला. सरकारी पाळणाघरात ६ महिन्यांच्या वरचीच लेकरं घेतात. २६ आठवड्यांची पगारी रजा २०१७ पासून कायद्यात आहे पण ती नोकरीवालीला, किलोवर कापूस वेचणाऱ्या बाईला कोण देते रजा? ती तिसऱ्या महिन्यात वावरात जाते, आणि तिसऱ्या महिन्यातलं ते लेकरू मग आजीकडं, नाहीतर शेजारच्या म्हातारीकडं, नाहीतर नऊ वर्षाच्या बहिणीकडं, नाहीतर आमच्याकडं. मनरेगाच्या कायद्यात तरी लिहिलेलं होतं की कामावर ६ वर्षांखालची ५ लेकरं असली तर एक बाई त्यांना सांभाळायला ठेवायची. वावराच्या मालकाला कोण सांगणार.

आता मेसेजकडं येतो.

सगळ्यात आधी ते दूध छातीत जाण्याचं, कारण पालथं झोपवायचं मुख्य कारण हेच सांगतात, आणि भीती खोटी नाही, दूध टाकणारं लेकरू बघून कोणाच्याही पोटात गोळा येते. पण नळ्यांची रचना बघा. गळ्यात दोन नळ्या असतात, पुढं श्वासाची, मागं अन्नाची. लेकरू उताणं असलं की श्वासाची नळी वर राहते आणि अन्नाची खाली. पोटातलं दूध वर आलं तर ते खालच्या नळीच्या तोंडापाशी राहते, श्वासाच्या नळीत शिरायला त्याला चढ चढावा लागते, आणि तेवढ्यात लेकरू गिळते नाहीतर ठसका देऊन बाहेर टाकते. पालथं केलं की हेच उलटं, श्वासाची नळी खाली आणि दूध तिच्यावर. म्हणजे ज्या भीतीनं पालथं करता तीच गोष्ट तुम्ही सोपी करून देऊन राहिले. अमेरिकेत १९९४ मध्ये लेकरांना उताणं झोपवायची मोठी मोहीम निघाली, त्याच्या आधी इंग्लंडात, न्यूझीलंडात निघाली होती, लाखो करोडो लेकरं पालथ्याची उताणी झाली, आणि तरी घशात दूध अडकून मरणारी लेकरं काही वाढली नाहीत. उलट झोपेतले अचानक मृत्यू तिकडं निम्म्याहून खाली आले.

दूध पाजल्यावर खांद्यावर घ्या, पाठीवरून हात फिरवा, ढेकर येऊ द्या, मग उताणं टाका. एवढंच आहे.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र खरी आहे आणि ती मी मान्य करतो. पालथं लेकरू जास्त गाढ झोपते. हो, झोपते. आमच्या समाजमंदिरातल्या म्हाताऱ्या आजीचं पण तेच म्हणणं होतं, "उताणं टाकलं की दचकते अन् उठते, पालथं टाकलं की निजून रायते, मले काय दुसरी पोट्टी नाहीत का पाहाले?" दहा लेकरं आणि तीन बाया, तिचं काय चुकलं म्हणावं. पण इथंच तर सगळी गोम आहे. ते जे दचकणं आहे, अर्धवट उठणं आहे, कुसमुसणं आहे, ते लेकराचं राखण आहे. झोपेत श्वास कमी पडला, नाकासमोर आपणच सोडलेली वापरलेली हवा साचली, अंग जास्त तापलं, तर धडधाकट माणूस झोपेतच तोंड फिरवते, उठते. दोन-तीन महिन्यांच्या लेकराच्या मेंदूतलं हे उठवणारं यंत्र अजून कच्चं असते, काहींचं जास्तच कच्चं, आणि कोणाचं कच्चं हे बाहेरून पाहून कळत नाही, वजन चांगलं, खेळते छान, सगळं ठीक. असं लेकरू पालथं, तोंड गादीत, गाढ झोपेत असलं तर ते उठतच नाही. याला डॉक्टर लोक सिड्स म्हणतात, म्हणजे एक वर्षाच्या आतलं चांगलं लेकरू झोपेत जाते आणि सगळं तपासूनही कारण सापडत नाही. दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात हे सगळ्यात जास्त होते आणि १० पैकी ९ वेळा सहाव्या महिन्याच्या आतच. बघा, म्हणजे बरोबर ज्या वयात आमची वेचणीवाली लेकरू सोडून जाते.

(हेच वय सुयांचंही आहे. दीड, अडीच, साडेतीन महिने. म्हणून एखाद्या गावात असं झालं की लोक सुईवर ढकलतात आणि मग वर्षभर माझ्या लसीकरणाला कोणी येत नाही. सुया घेतलेल्या लेकरांत हे मृत्यू जास्त नाही, कमी दिसतात, तपासलेलं आहे.)

आपल्याकडं असं लेकरू गेलं की दूध छातीत गेलं म्हणतात, नजर लागली म्हणतात, बाहेरचं झालं म्हणतात, दुपारपर्यंत माती देऊन मोकळे. ते कसं झोपलं होतं हे कोणी विचारतही नाही, आणि त्या घरात विचारावं तरी कसं. म्हणून मग "आमच्याकडं असं काही होत नाही" हे बोलायला सोपं जाते.

आता आज्यांच्या पद्धतीचं. यावर तर मला हसायलाच आलं. माझ्या आजीनं नऊ लेकरं वाढवली, ती मालीश करायची, शेक द्यायची आणि लेकरू उताणं पाळण्यात टाकायची. पालथं ती टाकायची ते मालीश करताना पायावर. तुमच्या आजीला विचारा, जिवंत असंल तर. पालथं झोपवायचं फॅडच मुळात विदेशी आहे! १९४० नंतर अमेरिका-युरोपात डॉक्टर लोकांनीच ते सुरू केलं, तिकडं सगळ्यात जास्त खपणाऱ्या बालसंगोपनाच्या पुस्तकातही १९५० च्या दशकात हाच सल्ला छापला गेला आणि कारण पण हेच दिलं, की उलटी घशात जाईल. एका पिढीनं ऐकलं. पुढं २००५ मध्ये जुना सगळा अभ्यास एकत्र करून पाहिला तेव्हा लक्षात आलं की १९७० पर्यंतच पुरावा समोर होता, तो नीट वाचला असता तर युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया मिळून ५० हजाराच्या वर लेकरं वाचली असती. आणि हाँगकाँगमध्ये, जिथं उताणं झोपवायची जुनीच रीत होती, तिथं असे मृत्यू क्वचितच होतात असं १९८५ मध्येच एका डॉक्टरनं लिहून ठेवलं होतं. म्हणजे तिकडच्या लोकांनी स्वतःची चूक भोगून सोडून दिलेली गोष्ट आपण आजीच्या नावानं परत उचलून राहिलो.

आणि जो उठतो तो म्हणतो विज्ञान बाहेरून येते, त्याच्यासाठी. नवजात लेकरं घरच्या घरी कशी वाचवायची हे जगाला दाखवलं आपल्या गडचिरोलीनं. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बाया शिकवल्या, त्या बायांनी लेकरांचे श्वास मोजले, वजनं केली, ऊब दिली, आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आणले. १९९९ मध्ये ते लॅन्सेट या डॉक्टर लोकांच्या साप्ताहिकात आलं. मी आज ४२ दिवसांपर्यंत बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देतो त्या तिथूनच निघालेल्या आहेत. आपल्या मातीतलं शहाणपण पाहिजे ना, तर ते हे घ्या की.

एक प्रश्न मात्र लोक खरंच विचारतात, की जिल्ह्याच्या दवाखान्यात काचेच्या खोलीत आमचं लेकरू पालथंच ठेवलं होतं, मग? बरोबर पाहिलं तुम्ही. कमी दिवसांच्या लेकराचा श्वास पालथं केल्यावर कधी कधी सुधारतो, म्हणून नर्सबाई तसं ठेवतात. पण त्या लेकराच्या अंगाला मॉनिटर लावलेला असतो, श्वास जरा अडखळला की टीं टीं वाजते आणि दोन नर्सा धावतात. तुमच्या घरी काय वाजते? सुट्टी व्हायच्या आधी उताणं झोपायची सवय लावूनच घरी पाठवायला पाहिजे, आणि कमी वजनाच्या लेकराला तर हे सगळं जास्तच लागू आहे.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं त्याच्याकडं येतो. मेसेज म्हणतो, पाळणाघरात लेकरं नजरेखाली असतात, तिथं पालथं टाकलं तरी काही होत नाही. हे वाक्य सगळ्यात घातक आहे. २००० साली अमेरिकेतल्या अशा जवळपास दोन हजार मृत्यूंचा हिशेब मांडला गेला, तर पाचातला एक मृत्यू सांभाळायला दिलेल्या ठिकाणी झालेला निघाला, खरं तर लेकरं तिथं जेवढा वेळ असतात त्या हिशेबानं ८ टक्क्यांच्या आसपास निघायला पाहिजे होता. त्यातले एक तृतीयांश पहिल्याच आठवड्यात, आणि त्यातलेही निम्मे पहिल्याच दिवशी. पहिल्याच दिवशी! मी हे ट्रेनिंगला ऐकलं तेव्हा घरी येऊन जेवण गेलं नाही.

कारण काय निघालं, तर घरी आई उताणं झोपवायची आणि तिथल्या बाईनं पालथं टाकलं. लेकराला पालथं झोपायची सवयच नव्हती, पालथं असताना मान उचलून तोंड फिरवायचं ते शिकलंच नव्हतं. न्यूझीलंडमध्ये पाहिलं तर उताण्याची सवय असलेलं लेकरू अचानक पालथं टाकलं की धोका १८-१९ पटीनं वाढलेला दिसला. म्हणजे एक आई रोज नीट करते आणि एक दुपार कोणी दुसऱ्यानं मायेनं, चांगल्या मनानं, "निजंल बिचारं" म्हणून पालथं टाकलं, की झालं. आपल्याकडं एका लेकराला किती हात असतात मोजा. आई, आजी, मावशी, आत्या, मोठी बहीण, शेजारीण, अंगणवाडीतली मदतनीस, सणाला आलेला मामा. ह्यातल्या सगळ्यांना एकच गोष्ट माहीत पाहिजे, सातांना माहीत आहे आणि आठव्याला नाही असं चालत नाही. आणि हा फॉरवर्ड नेमका त्या आठव्याच्या फोनवर जाऊन पडते.

दोन वर्षांआधी आमच्या इथंच झालं. साडेतीन महिन्यांची पोरगी, पहिलाच दिवस. आई पहाटेच डबा बांधून ऑटोत बसून दुसऱ्या गावच्या वावरात गेली. पोरगी रडून रडून हैराण, समाजमंदिराच्या कोपऱ्यात एका घरचा कापूस ठेवलेला होता, त्यांच्या घरात जागा नव्हती म्हणून. तिच्या नऊ वर्षाच्या बहिणीनं तिला त्या कापसाच्या ढिगावर पालथं टाकलं, थोपटलं, निजवलं, आणि खुश होऊन बाहेर बिट्ट्या खेळायला गेली. मी वजनाचा काटा घ्यायला म्हणून आत गेली तर पोरीचे फक्त केस दिसून राहिले, तोंड आत. उचललं तर कपाळ घामानं ओलं, ओठाला कापसाची सरकी चिकटलेली. एक क्षण काहीच नाही, मग मोठा श्वास घेतला आणि अशी रडली की काय सांगू. त्या बहिणीला कोणी रागावलं नाही. तिचं काय चुकलं, आपल्या घरात कापूस भरून असला की सगळी पोट्टी त्याच्यावरच लोळतात, निजतात, मी पण लहानपणी तिथंच झोपायची, त्याच्यासारखी मऊ जागा नाही. पण तान्ह्यासाठी मऊ म्हणजेच वाईट. तोंड रुतते. कापसाचं गाठोडं, नवी पिंजलेली गादी, फोमची गादी, सैल पडलेली बाज, मांडीएवढी जाड रजई, सगळं एकाच माळेचे मणी.

त्या दिवसापासून कापूस समाजमंदिरात ठेवू देत नाही, त्यावरून गावात अबोला पण झाला दोन घरांशी. होऊ दे.

मग टाकायचं कशावर? खाली फरशीवर चटई, तिच्यावर घट्ट शिवलेली जुनी वाकळ दोन पदरी, चादर ताणून खाली खोचलेली. दुकानातला लाकडी पाळणा, गादी, काही लागत नाही. हातानं दाबून बघा, हात रुतला तर लेकराचं तोंड पण रुतंल. कोणी म्हणंल खाली साप-विंचू, तर ते खरंच आहे, मण्यार रात्री खाली झोपलेल्या माणसालाच चावते, मी काही ते हसण्यावारी नेत नाही. रात्री पलंग किंवा लाकडी फळ्यांची चौकट, मच्छरदाणी चारी बाजूनं गादीखाली खोचलेली आणि तोंडावर न लोंबणारी, भिंत आणि पलंगाच्या मधात फट नको. दिवसा समाजमंदिरात झाडलेल्या फरशीवर, माणूस जवळ बसलेलं.

म्हणूनच झोळीचं येते. वावरात बाभळीला, निंबाला लुगड्याची झोळी बांधून लेकरू वर टांगायचं, त्याला कारण आहे, खाली मुंग्या, साप, कुत्रं. त्या बाईला मी झोळी बांधू नको म्हणायची हिंमत करत नाही. पण समाजमंदिरात पक्की फरशी असताना झोळीत टाकून दोन तास न बघणं म्हणजे? झोळीत लेकरू धनुष्यासारखं वाकते, हनुवटी छातीला टेकते, आणि तान्ह्याची श्वासाची नळी इतकी नरम की तेवढ्यानं चिमटते, आवाजही होत नाही. बाहेरून तर तोंडच दिसत नाही. वरून मोठी पोट्टी झोळीला गोल गोल पीळ देऊन सोडतात, तो खेळ सगळ्यांनी खेळलेला आहे, त्याच्यात फास बसून लेकरं गेलेली आहेत. अमेरिकेनं तर १० अंशांहून जास्त उताराचे लेकरांना झोपवायचे बिछाने विकायलाच २०२२ मध्ये कायद्यानं बंदी घातली. आमच्याकडं असं ठरलं आहे, झोळीत झुलवायचं ते दोरी हातात धरून, समोर बसून, आणि डोळा लागला की उचलून चटईवर. उचलताना पाचातलं एक उठते, मग परत पहिल्यापासून, हा त्रास आहेच.

मोहरीची उशी. आमच्याकडं राईची म्हणतात. डोकं गोल व्हावं म्हणून प्रत्येक आत्या शिवून आणते, बारशाला तीन तीन येतात. एक वर्षाच्या आतल्या लेकराला उशीच नको, मोहरीची नको आणि कापसाची नको. मान पुढं झुकते, तोंड बाजूला घसरलं की उशीत अडकते, शिवण उसवली की दाणे नाकात. आणि ते लोड, बाजूनं ठेवायचे, "पडू नये म्हणून", फरशीवरून कुठं पडणार आहे बाप्पा? पाळण्याच्या कडेला लावायच्या गुबगुबीत पट्ट्यांवर पण त्याच २०२२ च्या कायद्यात बंदी आहे. डोकं मागून चपटं होईल ही भीती आईला असते, त्याला दुसरा साधा उपाय आहे, झोपताना आज तोंड खिडकीकडं तर उद्या दाराकडं, आणि जागं असताना, तुम्ही समोर बसलेले असताना, लेकराला पालथं टाका. हो, जागं असताना पालथं टाकायचंच, थोडं थोडं करून दिवसाला १५-३० मिनिटं, मान मजबूत होते. लेकरू बसायला लागलं की बहुतेकांचं डोकं आपोआप भरून येते.

स्वतःहून दोन्ही बाजूनं पलटी मारायला लागलं, म्हणजे साधारण चार ते सहा महिन्यांत, की मग झोपेत पालथं झालं तर रात्रभर उठून सुलटं करत बसू नका. टाकताना मात्र उताणंच. आणि पलटायला लागलं की गुंडाळणं, हात बांधणं एकदम बंद.

गुंडाळण्यावर जरा सांभाळून बोलतो, कारण मीच घरी जाऊन ऊब द्या ऊब द्या सांगतो. नुकतं जन्मलेलं, त्यातून कमी वजनाचं लेकरू खरंच गार पडते आणि गार पडून दगावते, त्याला टोपी, मोजे, आईच्या छातीला उघडं लावून ठेवणं, सगळं करा, नर्सबाई सांगते तितके दिवस. पण ते वेगळं आणि तीन महिन्यांचं धडधाकट लेकरू डिसेंबरात स्वेटर, टोपी, कानपट्टी, वरून ब्लँकेट, त्याच्यावर आईचं लुगडं, असं बांधून तोंडावरून पदर ओढणं वेगळं. लेकराची बरीच गरमी डोक्यावाटे निघते, ते झाकलं की अंगातल्या अंगात तापते, आणि तापलेलं लेकरू जड झोपते. आपल्या अंगावर जेवढे कपडे त्याहून एक पदर जास्त, बस. हात-पाय गार लागले म्हणून घाबरू नका, मानेच्या मागं नाहीतर छातीवर हात लावा, घाम असंल तर एक कपडा काढा. आपल्याकडं तर मार्चपासून टीनाच्या शेडात ४५ च्या वर जाते, तरी म्हाताऱ्या लेकराला झबल्यावर टोपी घालून ठेवतात, "वारं लागंल".

आणि बंद खोलीत शेगडी? कोळशाचा जो वायू निघते त्याला ना वास, ना रंग, आई आणि लेकरू दोघं झोपेत जाऊ शकतात. बाजेखाली शेक ठेवून दार लावून घ्यायची रीत आहे काही घरांत, ती सोडा. बिडीच्या धुरानं झोपेतल्या मृत्यूचा धोका वाढते, धुरीही नको. बाप बिडी ओढून, पिऊन आला असंल तर त्यानं लेकराच्या अंथरुणावर झोपायचं नाही, हे मी घरी गेली की बापाच्या तोंडावर सांगतो. आई जवळ झोपू नये असं मी म्हणत नाही, आपल्या घरात खोल्या किती असतात, आणि आईच्या खोलीत झोपणं, आईचं दूध पिणं यानं धोका कमीच होते. तिच्या बाजूलाच, पण लेकराची वाकळ वेगळी, एवढं जमवा.

औषधाच्या दोन थेंबांवर जास्त लिहितच नाही. सर्दीचं एक नेहमीचं जोडऔषध (दोन औषधं एकत्र केलेलं) असते, ते ४ वर्षांखाली द्यायचं नाही असं केंद्रानं २०२३ मध्ये बाटलीवर छापायला लावलं, आणि २०२५ मध्ये छिंदवाड्याची लेकरं खोकल्याच्या विषारी औषधानं किडन्या जाऊन दगावली, त्यातली कितीतरी नागपूरलाच आणलेली होती, एवढं जवळचं उदाहरण असताना अजून कोणी असं लिहिते याचंच नवल वाटते. जायफळ उगाळून चाटवणं पण नको. झोप आणणारी कोणतीही गोष्ट म्हणजे ते उठवणारं यंत्र बंद करणं. गळ्यातला ताईत, काळा दोरा झोपताना काढा, मनगटाला नाहीतर कमरेला बांधा, देव काही रागावत नाही.

समाजमंदिरात आता काय चालते ते सांगतो. लेकरू द्यायला आलेल्या आईला पहिले विचारतो, घरी कसं निजवते? जी आई म्हणते पालथं, तिलाच आधी समजावतो. पहिला आठवडा नव्या लेकराची चटई आजीच्या खाटेसमोरच. आजीला घड्याळ समजत नाही, तर तिनं स्वतःच डोकं लावलं, दोन वाट्या ठेवल्या, एकीत चिंचोके. उठायचं, निजलेल्या एकेकाचं तोंड बघायचं, पोट हलते का बघायचं, आणि एक चिंचोका ह्या वाटीतून त्या वाटीत. दुपारी चारला आया यायला लागतात तेव्हा मी मोजते, कधी वीस, कधी पंचवीस. ज्या दिवशी कमी भरतात त्या दिवशी आजी आधीच सांगते, "आज गुडघा दुखून रायला वं, मोठ्या पोरीले पाहाले उठोलं मी."

हे सगळं एवढं मोठं मी जावेला पाठवलं. तासाभरानं रिप्लाय आला, "वाचलं सगळं, सासूबाईले पण वाचून दाखोलं. पण बाई, उशीत पाव किलो राई भरली ना मी, तिचं काय करू?"

म्हटलं उसव आणि डब्यात ओत, फोडणीले होते.